त्वचेखाली धावणारा रोग

जखम लहान आणि संकट मोठे, ही गोष्ट मनाला सहज पटत नाही. शेतात काम करताना पायात काटा मोडतो, पत्र्याची कड बोटाला लागते, किडा चावला तेथे खाजवून ओरखडा उठतो. आपण ती जागा धुतो, तिच्यावर हळद दाबतो किंवा मलम लावतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा एवढे पुरते. उरलेले काम शरीर स्वतःच उरकते आणि चार दिवसांनी जखमेची आठवणही राहत नाही. परंतु क्वचित असे घडते की, ओरखडा जवळजवळ भरून आलेला असतो आणि तरीही त्या जागी अशी वेदना सुरू होते की माणसाला पाय टेकवत नाही. ताप चढतो. संध्याकाळी घोट्यापाशी असलेली सूज पहाटे गुडघ्यापर्यंत पोचते. त्वचा काळीनिळी पडू लागते, आणि दोन-तीन दिवसांपूर्वी धडधाकट असलेला माणूस मृत्यूशी झुंजू लागतो.

ह्या रोगाला वैद्यकात नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस असे म्हणतात. नेक्रोटायझिंग म्हणजे ऊतकांना मारणारा, आणि फॅसिआ म्हणजे स्नायूंवरील तंतुमय वेष्टन, ज्याला मराठीत प्रावरणी असा शब्द आहे. तेव्हा प्रावरणीचा ऊतकनाशी दाह, असा ह्या नावाचा अर्थ होतो. १९९४ साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात ह्या रोगाचे काही रुग्ण पाठोपाठ आढळले, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘मांस खाणारे जंतू’ असे भडक नाव रूढ केले. ते नाव लोकांच्या लक्षात राहिले. पण त्यामुळे भीती वाढली, समज वाढली नाही. वस्तुतः जंतू मांस खात नाहीत. ते काय करतात हे समजून घेतले, तर हा रोग एवढ्या वेगाने का पसरतो, आरंभी तो डोळ्यांना का दिसत नाही आणि त्याच्यावर केवळ औषध का पुरत नाही, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

जुना रोग, नवे नाव

नाव अलीकडचे असले, तरी रोग जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिस ह्याच्या परंपरेतील ग्रंथांत, क्षुल्लक जखमेनंतर दाह सर्वत्र पसरून मांस व स्नायुबंध गळून पडल्याची वर्णने आढळतात. आपल्याकडे चरकसंहितेत विसर्प ह्या रोगाच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. विसर्प म्हणजे निरनिराळ्या दिशांना सरपटत जाणारा. मराठी बोलीने हीच कल्पना अधिक ठसठशीतपणे पकडली आणि त्वचेवर झपाट्याने पसरणाऱ्या लाल दाहाला ‘धावरे’ असे नाव दिले. जो धावतो तो रोग, अशी ही साधी आणि अचूक ओळख आहे. आज धावरे हा शब्द एरिसिपेलस ह्या, त्वचेच्या वरच्या थरांतील रोगासाठी वापरतात. आपण ज्याचा विचार करीत आहोत तो रोग त्याच कुळातला, परंतु अधिक खोल धावणारा आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात शल्यवैद्य असलेल्या जोसेफ जोन्स ह्याने १८७१ मध्ये ‘इस्पितळी कोथा’चा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात २,६४२ रुग्णांची नोंद होती आणि त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले होते. १८८३ मध्ये पॅरिसच्या फूर्निए ह्या डॉक्टरांनी जननेंद्रियाभोवतीच्या भागातील अशाच कोथाचे वर्णन केले; त्याला आजही त्यांचेच नाव आहे. १९२४ मध्ये पीकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे शल्यवैद्य फ्रँक मेलनी ह्यांनी अशा २० रुग्णांचा तपशीलवार अभ्यास मांडला आणि त्यांच्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू दाखवून दिले. नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस हे नाव मात्र १९५२ मध्ये अमेरिकी शल्यवैद्य विल्सन ह्यांनी दिले. प्रत्येक रुग्णात आढळणारी गोष्ट म्हणजे प्रावरणीचा मृत्यू; त्वचा आणि स्नायू त्यात कधी सापडतात, कधी सापडत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

शरीराचे थर

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी शरीराच्या रचनेकडे क्षणभर वळले पाहिजे. सर्वांत वर त्वचा असते. तिच्याखाली चरबीचा मऊ थर, त्याखाली प्रावरणी आणि प्रावरणीच्या आत स्नायू, अशी साधारण मांडणी असते. संत्रे सोलले की फोडींवर जे पातळ पांढरे पापुद्रे दिसतात, त्यांवरून प्रावरणीची कल्पना येईल. ती स्नायूंना एकत्र बांधते आणि एकमेकांवरून घसरू देते.

त्वचेच्या वरच्या थरांत जंतूंचा शिरकाव झाला तर धावरे उद्भवते. त्याची लाल कड स्पष्ट असते, जणू नकाशावरची सीमारेषा. त्वचेचा खालचा थर व चरबी ह्यांत जंतू शिरले तर जो दाह होतो त्याला सेल्युलायटिस म्हणतात. त्याची कड अस्पष्ट असते, परंतु योग्य प्रतिजैविके दिल्यावर तो बहुधा आटोक्यात येतो. जंतू त्याहून खाली, प्रावरणीपर्यंत पोचले की चित्र पालटते. प्रावरणीला रक्ताचा पुरवठा मुळातच कमी असतो. म्हणून शरीराच्या संरक्षक पेशी तेथे पुरेशा संख्येने येऊ शकत नाहीत. शिवाय ती एखाद्या लांबलचक चादरीप्रमाणे सलग पसरलेली असते. तिच्या पृष्ठभागावरून जंतूंना अडथळ्यावाचून पुढे सरकता येते. वर त्वचा शाबूत असते आणि खाली, चार बोटे किंवा वीतभर पुढे, विध्वंस चालू असतो. रोग धावतो तो असा, आणि दिसत नाही तो ह्यामुळे.

जंतूंची कामगिरी

हा रोग एकाच जातीच्या जंतूमुळे होत नाही. मधुमेही किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत पुष्कळदा अनेक प्रकारचे जंतू एकत्र आढळतात. त्यांतले काही प्राणवायूशिवाय वाढणारे असतात. धडधाकट माणसाला गाठणाऱ्या प्रकारात मात्र बहुधा एकच जंतू असतो, आणि तो म्हणजे अ गटातील स्ट्रेप्टोकॉकस. व्हिएन्नाचे शल्यवैद्य बिलरोट ह्यांनी १८७४ मध्ये ह्या जंतूंना हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात, म्हणून मराठीत त्यांना मालागोलाणू म्हणतात. मुलांचा घसा सुजतो तो अनेकदा ह्याच जंतूंमुळे. म्हणजे शत्रू परका नाही. तो घराघरांत वावरणारा आहे. समुद्राच्या किंवा खाडीच्या कोमट पाण्यातील व्हिब्रिओ आणि गोड्या पाण्यातील एरोमोनास हे जंतूही जखमेतून शिरून असाच अनर्थ घडवू शकतात; यकृताचा विकार असलेल्यांना त्यांचा धोका विशेष असतो.

ऊतकांत शिरलेले जंतू तीन गोष्टी करतात. पहिली, ते अशी एंझाइमे सोडतात की त्यांच्यामुळे पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य विरघळते आणि वाट मोकळी होते. दुसरी, त्यांच्या विषांमुळे आणि त्यातून उसळलेल्या दाहामुळे बारीक रक्तवाहिन्यांत रक्त साकळते. रक्त थांबले की प्राणवायू थांबतो आणि तेथील ऊतक मरते. मेलेल्या ऊतकात जंतू आणखी फोफावतात व पुढच्या रक्तवाहिन्या बुजवतात. तिसरी गोष्ट सर्वांत घातक होय. ह्या जंतूंची काही विषे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला एकाच वेळी, सरसकट चेतवतात. गावात एका घराला आग लागली असता साऱ्या गावाने विहिरी उपसून सगळीकडे पाणी ओतावे, तशी स्थिती होते. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे मंदावतात, भान हरपते. वैद्यक ह्या अवस्थेला अवसाद म्हणते. पायाचा रोग सबंध देहाचा होतो तो ह्या पायरीवर.

आधी वेदना, मग डाग

ह्या सर्व विवेचनातून व्यवहारात उपयोगी पडणारा एक नियम निघतो. विध्वंस त्वचेच्या खाली चालू असतो, म्हणून पहिल्या दिवशी त्वचा खरे सांगत नाही. वेदना खरे सांगते. वर किंचित लाली, थोडी सूज, आणि वेदना मात्र असह्य, जखमेच्या मानाने कितीतरी अधिक, अशी विसंगती दिसली की सावध झाले पाहिजे. लालीच्या कडेबाहेर, जेथे त्वचा निरोगी दिसते तेथेही दाबल्यावर दुखते. भाग ताठरतो आणि हाताला लाकडासारखा लागतो. ताप, थंडी, मळमळ, विलक्षण थकवा ही लक्षणे सोबत असतात, आणि म्हणून पुष्कळदा साधा फ्लू समजून गोळी घेतली जाते.

त्यानंतरच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत त्वचा बोलू लागते. लाल रंगाचा जांभळा व राखाडी होतो, काळसर पाण्याचे फोड येतात, काही वेळा दाबल्यावर त्वचेखाली वायूची कुरकुर जाणवते. ह्या वेळी एक फसवा प्रकार घडतो. जी जागा रात्रभर ठणकत होती ती बधिर होते. घरच्यांना वाटते, उतार पडला. प्रत्यक्षात वेदना वाहून नेणाऱ्या नसाच मेलेल्या असतात. वेदना गेली आणि माणूस मात्र अधिकच खालावत चालला, ह्यापरते भयसूचक चिन्ह नाही.

रक्ताच्या तपासण्या आणि शरीराची आतील चित्रे ह्यांचा निदानाला आधार होतो. परंतु शंका बळावली असता त्यांच्यासाठी थांबणे धोक्याचे असते. खात्रीचा मार्ग म्हणजे छेद घेऊन पाहणे. निरोगी प्रावरणी चकचकीत आणि चिवट असते. रोगग्रस्त प्रावरणी करडी, निस्तेज असते; शल्यवैद्याचे बोट थरांमधून विनासायास पुढे सरकते, आणि पुवाऐवजी तांदळाच्या धुवणासारखे पातळ, गढूळ पाणी बाहेर येते.

औषध जेथे पोचत नाही

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने उभारलेल्या ह्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले आणि पूर्वी दुर्मिळ असलेले हे औषध देशातील सामान्य रुग्णालयांच्या आटोक्यात आले. मालागोलाणूंना पेनिसिलीन आजही मारते. मग ज्या जंतूला मारणारे औषध इतकी वर्षे हाती आहे, त्याच्यापासून माणसे का दगावतात?

उत्तर वर येऊन गेलेच आहे. औषध रक्तातून जाते, आणि मेलेल्या ऊतकात रक्त जात नाही. जंतू मृत ऊतकाच्या तटबंदीत बसलेले असतात व औषध तटाबाहेर फिरत राहते. शिवाय तेथे जंतूंची गर्दी इतकी दाट असते की त्यांची वाढ मंदावते, आणि पेनिसिलीनचा प्रभाव मुख्यतः वाढत्या जंतूंवर होतो. म्हणून त्याच्या जोडीला क्लिंडामायसिनसारखे, जंतूंची विषनिर्मितीच रोखणारे औषध देतात. तरीही मुख्य उपाय शस्त्र हाच राहतो. मेलेला भाग निरोगी, रक्त येणाऱ्या कडेपर्यंत कापून काढावा लागतो. सुश्रुताने शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले त्यांत छेदनाचा समावेश आहे. येथे ह्या प्राचीन कर्मावर सारी भिस्त असते.

इतिहासाचा दाखलाही हाच आहे. मेलनी ह्यांनी पीकिंगमध्ये उपचार केले तेव्हा पेनिसिलीनचा शोध लागायचा होता. त्यांनी रोगग्रस्त भाग त्वरित व विस्ताराने उघडला, मृत ऊतके बाहेर येऊ दिली, आणि त्यांचे बहुतेक रुग्ण वाचले. पहिल्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जियमच्या खतावलेल्या शेतांतील मातीने दूषित झालेल्या जखमा वायुजनक कोथाने सडू लागल्या, तेव्हा बेल्जियमचे आंत्वान देपाज आदी शल्यवैद्यांनी जखमेतील मृत भाग आरंभीच कापून काढण्याचा आणि जखम शिवून न टाकता उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात हजारो लोकांना म्युकरमायकोसिस झाला. तो बुरशीचा रोग आहे, जंतूंचा नव्हे. परंतु तोही रक्तवाहिन्या बुजवतो, आणि त्यातही औषधाच्या जोडीला मृत भाग कापून काढावा लागला, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेने काम संपत नाही. साधारणतः चोवीस तासांनी जखम पुन्हा उघडून पाहतात आणि रोग पुढे सरकला असल्यास पुन्हा कापतात. कधी हात किंवा पाय गमवावा लागतो. डिसेंबर १९९४ मध्ये कॅनडाच्या संसदेतील विरोधी पक्षनेते ल्यूसियँ बुशार ह्यांना हा रोग झाला आणि त्यांचा डावा पाय कापावा लागला. ते वाचले, पुढच्याच वर्षी राजकारणात परतले आणि १९९६ मध्ये क्वेबेक प्रांताचे पंतप्रधान झाले. सर्वच रुग्णांचे नशीब एवढे बलवत्तर नसते. सुसज्ज रुग्णालयांतही साधारणतः चार-पाच रुग्णांमागे एक दगावतो, आणि शस्त्रक्रियेला उशीर होईल तसे हे प्रमाण वाढत जाते.

उशीर कोठे होतो

भिलाईचे उदाहरण घेऊ. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखान्याचा पाया घातला गेला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीव नगरी वसली. तिच्यात देशाच्या सर्व भागांतून, विदर्भातूनही, माणसे येऊन राहिली. सिविक सेंटर हे ह्या नगरीचे बाजाराचे आणि भेटीगाठींचे ठिकाण; तेथून सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय वाहनाने थोड्याच वेळात गाठता येते. दुर्ग जिल्ह्याच्या खेड्यात किंवा सीमेपलीकडे गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, रोवणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या बाईला शल्यवैद्य गाठायला पुष्कळ वेळ लागतो. तेव्हा पहिला माणूस सुरक्षित आणि दुसरी बाई धोक्यात, असे आपल्याला वाटेल.

हे अर्धेच खरे आहे. उशीर रस्त्यावर होतो, तसा तो घरातही होतो, आणि घरातला उशीर शहरी माणसालाही चुकत नाही. लोखंड लागले की धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, हे आता कामगारांना व शेतकऱ्यांना चांगले ठाऊक झाले आहे. ते घ्यावेच. पण ते घेतल्यावर जखमेची सारी चिंता मिटली, ही समजूत चुकीची आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाने ह्या रोगापासून मुळीच संरक्षण मिळत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी दुसरा उशीर होतो; त्या ताप व ठणका झाकतात आणि जी एकमेव खूण वेळीच सावध करणार होती तीच पुसून टाकतात. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हे शब्द तिसरा उशीर करतात. रोग दुर्मिळ असल्यामुळे डॉक्टरांकडूनही चूक होऊ शकते. एखाद्याला सबंध व्यवसायात त्याचे एक-दोनच रुग्ण दिसतात. म्हणून रुग्णाने व घरच्यांनी निःसंकोचपणे सांगावे की, दिसते त्यापेक्षा कितीतरी अधिक दुखत आहे. लालीच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहून ठेवावी. तास-दोन तासांत लाली रेघ ओलांडून गेली, तर तो पुरावा कोणत्याही वर्णनापेक्षा बोलका असतो. अशा वेळी जवळच्या औषधाच्या दुकानात न थांबता, जेथे शल्यवैद्य आणि अतिदक्षता विभाग आहे तेथेच जावे. छत्तीसगडात आणि महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

मधुमेही, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेले, दीर्घकाळ स्टेरॉइडे घेणारे, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा प्रसूती झालेले आणि कांजिण्यांचे फोड आलेली मुले ह्यांच्या बाबतीत अधिक जपावे. परंतु ज्यांना कोणताही विकार नाही अशी माणसेही ह्या रोगाने गाठली आहेत, हे विसरू नये. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुणे, ती कोरडी व झाकलेली ठेवणे, उघडी जखम घेऊन डबक्यात, नदीत वा समुद्रात न उतरणे, मधुमेह्याने रोज रात्री आपली पावले न्याहाळणे, एवढ्या साध्या सवयींनी धोका बराच कमी होतो. रुग्णाला स्पर्श केल्याने हा रोग सहसा लागत नाही. हात धुण्याची काळजी घेऊन त्याची शुश्रूषा निर्धास्तपणे करावी.

प्रत्येक ओरखड्याला भिऊन राहावे, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. हजारो जखमा होतात आणि भरून येतात. ज्यांनी ह्या रोगाला धावरे म्हटले त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, पेनिसिलीन नव्हते. पण रोगाचा वेग त्यांनी नेमका हेरला होता. आज आपल्यापाशी औषध आहे, शस्त्र आहे आणि ते चालवणारे कुशल हातही आहेत. मात्र धावणाऱ्याला गाठायचे तर आपल्यालाही वेळेवर निघाले पाहिजे. जखम लहान आणि वेदना मोठी, असा प्रसंग कधी घरात आला, तर वेदनेवर विश्वास ठेवावा आणि त्याच घटकेला उठावे.